टीजीएमध्ये (तापवताना नमुन्याचं वजन सतत मोजणाऱ्या मशीनमध्ये) नमुना तापवताना वजन 100 टक्क्यांच्या वर का जातं? मशीन बिघडलंय का?

मशीन बहुधा ठीक आहे. तुम्ही लिहिलंय की 110 अंशांवर वाळवलेली केओलिन माती 10 मिलिग्रॅम घेतली, ॲल्युमिनाची क्रुसिबल (नमुना ठेवायची छोटी वाटी), नायट्रोजनचा प्रवाह, आणि 300 अंश सेल्सिअसपर्यंत आलेख 100.5 वर गेला. माती जड झालेली नाही. ही करामत भट्टीतल्या वायूची आहे.

विहिरीतून घागर ओढताना ती पाण्याबाहेर आली की एकदम जड लागते ना, तसंच. नायट्रोजनही क्रुसिबलला थोडंसं वर उचलून धरत असतो. शाळेतलं प्लावक बल हेच. खोलीच्या तापमानाला त्याची घनता घन सेंटिमीटरला साधारण 1.15 मिलिग्रॅम, 300 अंशांना जवळजवळ निम्मी. क्रुसिबल आणि तिला धरणारी दांडी मिळून 0.1 घन सेंटिमीटर जागा व्यापतात असं धरा. आधार 0.115 वरून 0.06 मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे तराजूला 0.055 मिलिग्रॅम जास्त दिसतं. 10 मिलिग्रॅमच्या नमुन्यात तेच तुमचे अर्धा टक्का. नमुना 30 मिलिग्रॅम असता तर फुगवटा 0.2 टक्क्यांच्या आसपास राहिला असता. घनता केल्विन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून बहुतेक चढ सुरुवातीलाच दिसतो. (तापलेल्या वस्तूचं वस्तुमान आइन्स्टाइनच्या हिशेबाने खरोखर वाढतं, पण 1 किलो तांबं 100 अंशांनी तापवलं तर वाढ अर्ध्या नॅनोग्रॅमहूनही कमी. ते सोडून द्या.)

खात्री करायची तर नमुना फक्त 300 पर्यंत न्या आणि त्याच वायूत पुन्हा थंड करा. वजन 100 वर परत आलं तर वाढ खोटी होती. खरी वाढ थंड केल्यावर जात नाही: तांब्याची पूड हवेत तापवून पूर्ण ऑक्साइड झाली की 25 टक्के जड होते आणि तशीच राहते. मात्र ही परीक्षा भाजलेल्या चुनखडीवर करू नका. तो चुना थंड होताना दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, आणि तुम्ही भलत्याच निष्कर्षावर पोचाल.

उपाय सोपा आहे. रिकामी क्रुसिबल ठेवून अगदी तोच प्रोग्रॅम चालवा आणि तो ब्लँक नमुन्याच्या आलेखातून वजा करा. वायू, प्रवाह, तापवण्याचा वेग, क्रुसिबल, सगळं तेच हवं. कुणीतरी मागच्या वर्षी काढून ठेवलेला ब्लँक वापरण्यात अर्थ नाही.

अर्धा टक्काच तर आहे, असं म्हणून सोडू नका. शुद्ध केओलिनमधून मुख्यतः 450 ते 600 अंशांदरम्यान 13.96 टक्के पाणी जातं. 800 अंशांपर्यंत खोटी वाढ 0.8 टक्क्यांवर पोचते. ब्लँक वजा न करता 100 पासून शेवटपर्यंत मोजलंत तर घट 13.1 येईल, आणि त्यावरून मातीत 6 टक्के क्वार्ट्झ (तापवल्यावर पाणी न सोडणारं खनिज) आहे असं तुम्ही प्रबंधात लिहून बसाल. नसलेलं क्वार्ट्झ!

ब्लँकनंतरही शंका उरली तर कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट चालवा. पाणी 12.3, कार्बन मोनॉक्साइड 19.2, कार्बन डायऑक्साइड 30.1 टक्के, अशा तीन पायऱ्या मिळाल्या की तराजू बरोबर आहे. इंजिनिअरला बोलावण्याआधी गाइडना हे दोन आलेख दाखवा.