नाल्याची खोली कोण मोजणार?

प्रश्न : सांगोला तालुक्यातल्या आमच्या गावात नाला खोलीकरण झालं. कागदावर काम पूर्ण आहे, पण खोली कमी वाटते. काय करावं? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : आधी मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं जिथे नोंदवतात त्या सरकारी वहीची, प्रत मागा. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्याच अर्जात कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागा. कायद्यात तसा हक्क आहे.

मग टेप घेऊन दर ३० मीटरवर छेद, म्हणजे नाल्याचा आडवा काप, मोजा. वरची रुंदी ८, तळाची ४, खोली २ मीटर असेल तर छेद १२ चौरस मीटर (सरासरी रुंदी ६ गुणिले खोली २), म्हणजे १०० मीटर लांबीला १,२०० घनमीटर. हे पावसाआधीच करा! एकदा गाळ वाहून आला की खरी खोली सिद्ध होत नाही. काठालगत टाकलेली मातीही परत आत घसरते. पुस्तिकेतली मापं आणि तुमची मापं यांतली तफावत ग्रामसभेच्या इतिवृत्तात आकड्यांसह नोंदवून घ्या.