गंजलेल्या छोट्या गाडीची हॉट रॉड

प्रश्न : जुन्या छोट्या गाडीचे सिल (दाराखालचा लांब पोकळ पत्रा) आणि फ्लोअर गंजलेत. हॉट रॉड, म्हणजे जोरदार इंजिन बसवून वेगवान केलेली जुनी गाडी, करायची आहे. मोठं इंजिन आधी घ्यावं का?

उत्तर : नको, आधी पत्रा. सिल, फ्लोअर, सस्पेन्शनचे माउंट (ते बॉडीला जिथे जोडलेलं असतं त्या जागा) स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं की तो भाग कापायचाच. अशा गाड्यांना बहुधा वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीच भार पेलते. म्हणून सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करा, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. एका वेळी एकच बाजू. सिलला १.२ मिलिमीटरचा पत्रा, मिग वेल्डिंगचे (यात तार आपोआप पुढे सरकते) छोटे टाके दूरदूर. सलग वेल्ड मारलात तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. फिलरने (पुट्टीने) भोकं बुजवणं म्हणजे निव्वळ फसवणूक! इंजिनच्या खर्चातच ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर धरा.