ग्रीसमध्ये लढाऊ विमानांचे फोटो: तारेच्या आतून काढा, बाहेरून नको

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरात घरच्यांसोबत दहा दिवस ग्रीसला जाताय, बॅगेत लांबचं टिपणारी १५०-६०० ची लेन्स आहे, तर तिथल्या हवाईतळांवर लढाऊ आणि जुन्या विमानांचे फोटो काढता येतात का? आणि त्यापायी कुणाला तुरुंगात टाकलं होतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. म्हणून आधी तेच सांगते.

नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाटाच्या हवाईतळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानप्रेमींना अटक झाली. त्या दिवशी तळ लोकांना पाहण्यासाठी खुला होता, हे लक्षात ठेवा. आरोप हेरगिरीचा. पाच-सहा आठवडे कोठडीत काढल्यावर जामीन मिळाला. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना तीन वर्षांची आणि बाकीच्या सहांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले, पण एक अख्खं वर्ष गेलं ते गेलंच. खटल्यात सगळ्यांत जास्त महत्त्व आलं ते त्यांच्या वह्यांना. विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक टिपून ठेवणं हा ब्रिटनमध्ये जुना, अगदी घरगुती छंद. ग्रीसमध्ये तेव्हा तो कुणाला माहीतच नव्हता. समोर एजियन समुद्र, पलीकडे तुर्कस्तान, आणि दोन्हीकडची विमानं वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगावर जाणारी. अशा देशात कोणतं विमान कुठल्या तळावर आहे याची यादी परक्या माणसाच्या खिशात सापडली, तर पहारेकऱ्याला शंका येणारच.

यात एक गोष्ट मला नेहमी आठवते. फेब्रुवारी १९१३ मध्ये मुतूसिस आणि मोराइतिनिस हे दोन ग्रीक वैमानिक मॉरिस फारमन बनावटीच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवर गेले, तुर्की आरमाराची जहाजं कुठे उभी आहेत ते टिपलं आणि चार बॉम्ब टाकून परतले. हे उड्डाण ग्रीक हवाई दल आपल्या परंपरेचा भाग मानतं. वरून बघून कागदावर नोंद करणं म्हणजे काय, हे त्यांच्या हाडात भिनलेलं आहे.

आता माझं. मी नाशिकजवळच्या ओझरची. वडील तिथल्या एचएएल या विमान कारखान्यात होते, त्यामुळे मिगच्या आवाजात अभ्यास केला, आणि गच्चीवर कॅमेरा घेऊन जायचं नाही हे वाढदिवसाला कॅमेरा मिळाला त्याच दिवशी ऐकलं. एवढं माहीत असूनही ग्रीसच्या पहिल्या फेरीत मी चूक केली. एका तळाच्या (कुठला ते सांगत नाही) बाहेर जैतुनाच्या बागेतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवली. कॅमेरा मांडीवर होता, एकही फोटो काढला नव्हता. पाच मिनिटांत जीप आली. पासपोर्ट गेले, कार्ड तपासलं, त्यात देवळं आणि मांजरं. मग त्या तरुण सैनिकाच्या हाताला माझी छोटी वही लागली. आदल्या दिवशी संग्रहालयात पाहिलेल्या विमानांचे क्रमांक मी तीत लिहिले होते. देवनागरीत. तो एकेका आकड्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. ५ म्हणजे पाच, ७ म्हणजे सात, हे मी त्याला बोटं दाखवून सांगत होते. त्याला ती सांकेतिक लिपी वाटली असेल, तर त्यात त्याचा काही दोष नाही. वरिष्ठ येईपर्यंत दोन तास गेले. वागणूक सभ्य होती, पाणीही दिलं. पण मागच्या सीटवर माझा नऊ वर्षांचा मुलगा एक शब्द न बोलता बसला होता, ते मी विसरणार नाही.

तेव्हा नियम सोपा ठेवा. कुंपणावर काट मारलेल्या कॅमेऱ्याची पाटी दिसली की कॅमेरा बॅगेत, बॅग डिकीत, गाडी चालू. आमंत्रण असेल त्या दिवशी, दारातून, ओळखपत्र दाखवून आत जा आणि पोटभर फोटो काढा. आत गेल्यावरही वही आणि विमानांचं बोलणं ऐकायचा रेडिओ नको. क्रमांक हवाच असेल तर तो फोटोत दिसतोच की.

सप्टेंबर म्हणताय तर तुमच्यासाठी पहिली जागा टानाग्रा. अथेन्सच्या उत्तरेला, गाडीने तासभर. 'अथेन्स फ्लाइंग वीक' हा हवाई मेळा तिथे भरतो, बहुतेक सप्टेंबरातच. तारीख जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. टानाग्राच्या ३३१ स्क्वाड्रनकडे मिराज २०००-५ आहेत आणि ३३२ कडे राफेल. पहिली सहा राफेल तिथे जानेवारी २०२२ मध्ये उतरली. आपल्याकडे ग्वाल्हेरला मिराज आणि अंबाल्याला राफेल, ही दोन्ही नावं आपण आयुष्यभर लांबून ऐकतो, तिथे ती डोक्यावरून जातात. एफ-१६ चं 'झ्यूस' प्रात्यक्षिक चुकवू नका. वैमानिक जळते गोळे सोडत वळतो, त्या क्षणी सलग फोटो घेत राहा.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. सप्टेंबरातही दुपारी धावपट्टीवर हवा उकळत असते. ६०० वर लांबचं विमान धरलंत तर पाण्याखाली काढल्यासारखं येतं. लेन्सला दोष देऊ नका, तो हवेचा दोष. मी अकरा ते तीन धावपट्टीकडे बघतच नाही, फक्त आकाशात वर असलेलं विमान टिपते. शटर जेटला १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, पंख्याच्या विमानाला १/१६० च्या आसपास. नाहीतर पंखा गोठतो आणि विमान दोरीने टांगल्यासारखं दिसतं.

फँटमसाठी, म्हणजे एफ-४ या जुन्या लढाऊ विमानासाठी, खरं तर वसंतात जायला हवं. पेलोपोनीजच्या पश्चिमेला, ऑलिम्पियाहून सुमारे तासभरावर आंद्राविडाचा तळ आहे. एफ-४ तिथे १९७४ मध्ये आले आणि मी हे लिहितेय तेव्हाही उडताहेत. जपानने २०२१ मध्ये आणि दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये त्यांना निरोप दिला. त्या जाड नाकाच्या, वाकड्या पंखांच्या विमानाचा काळा धूर आधी दिसतो, आवाज मागून येतो आणि छातीत बसतो. दर वसंतात आंद्राविडाला 'इनिओखोस' हा बहुराष्ट्रीय सराव होतो. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ सारथी. डेल्फीच्या संग्रहालयात त्याच नावाचा काशाचा पुतळा आहे, घरच्यांसोबत जाताय तर तो नक्की बघा. या सरावाला २०२३ मध्ये आपली चार सुखोई-३० गेली होती, २०२५ मध्येही भारतीय हवाई दल होतं. आणि मधल्या २०२४ मध्ये ग्रीक एफ-१६ जोधपूरला 'तरंग शक्ती' सरावासाठी आली. ओझरला जुळणी होणारं विमान आंद्राविडाच्या धावपट्टीवर फँटमच्या मागे रांगेत उभं आहे, असा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वडिलांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "फोटो काढू दिला का?" हो, काढू देतात. सरावाच्या काळात विमानप्रेमींसाठी दिवस राखलेला असतो. आधी नाव आणि पासपोर्टचा तपशील कळवायचा, परवानगी आली तरच जायचं.

पण तुम्ही जुन्या विमानांबद्दलही विचारलंय, आणि मला विचाराल तर मेळा हुकला तरी चालेल, टाटोई हुकवू नका. अथेन्सच्या उत्तर कडेला टाटोईत, डेकेलियाच्या तळावर ग्रीक हवाई दलाचं संग्रहालय आहे. तळाच्याच आवारात असल्याने पासपोर्ट जवळ ठेवा, उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी तपासा, आणि तुमची मोठी लेन्स हॉटेलवर ठेवून जवळचं टिपणारी २४-७० घेऊन जा. विमानं इतकी जवळ असतात. कर्टिस हेलडायव्हर हे बॉम्बफेकी विमान तिथे आहे, १९४९ मध्ये ग्रीसच्या यादवी युद्धात वापरलेल्या जातीचं. एफ-१०२ डेल्टा डॅगर हे लढाऊ जेट आहे. अमेरिकेबाहेर ही विमानं फक्त ग्रीस आणि तुर्कस्तान या दोघांनीच वापरली. लेरोस बेटाजवळच्या समुद्रातून वर काढलेलं जर्मन युंकर्स ५२ आहे. त्याचा पन्हाळी पत्रा कोकणातल्या छपरासारखा. मी त्याच्यापाशी बराच वेळ थांबले. युद्धाच्या विमानाचं अंग इतकं घरगुती असू शकतं, हे फोटोत नीट उतरत नाही.

सकाळी लवकर जा. उघड्यावरच्या विमानांवर तिरपं ऊन पडतं तेव्हाच पत्रा जोडणारे रिव्हेट दिसतात. माझ्या दुसऱ्या फेरीत एक वयस्क गृहस्थ, निवृत्त फिटर, एका एफ-८४ च्या पंखाच्या मुळाशी मला घेऊन गेले. त्यांनी तळवा पत्र्यावर ठेवला आणि मलाही ठेवायला लावला. वरच्या करड्या रंगाखाली जुन्या अक्षरांची कड बोटाला लागत होती: आधी अमेरिकन हवाई दलाची इंग्रजी सूचना, तिच्यावर रंग, त्यावर ग्रीक सूचना, परत रंग. "पाय ठेवू नका," असं दोन्हींत लिहिलंय, ते म्हणाले. पंखाला गाल टेकवून, उन्हाच्या दिशेने बघत मी तो फोटो काढला. माझ्या घरात भिंतीवर लावलेला तो एकच आहे.

तिथलीच एक स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान), क्रमांक एमजे७५५, परत उडू लागली आहे. १९४७ मध्ये ब्रिटनने ग्रीसला दिलेल्यांपैकी ती. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा आकाशात गेली आणि २०२१ मध्ये टाटोईला घरी आली. मेळ्याच्या कार्यक्रमात तिचं नाव दिसलं तर बाकी सगळं सोडून त्या वेळी कॅमेरा तयार ठेवा.

बेटांवर जाणार असाल तर एक सांभाळा. सँटोरिनीचा विमानतळ नागरीही आहे आणि लष्करीही, आणि क्रीट बेटावर हन्या शहराला आपलं विमान 'सूडा' या हवाईतळाच्या एफ-१६ च्याच धावपट्टीवर उतरतं. पुण्याचं लोहगाव तसंच. मे २०२५ मध्ये तिथे खिडकीची झडप खाली ठेवायचा आदेश आला होता, आठवत असेल. तेव्हा खिडकीतून काहीही दिसलं तरी मोबाइल खिशातच ठेवा, मुलांनाही आधी सांगून ठेवा.

आणि कुणाचीही परवानगी न लागणारं एक ऐतिहासिक विमान तुम्हाला कदाचित समुद्रकिनाऱ्यावर बसल्या बसल्या भेटेल. वणवे विझवणारी पिवळी कॅनडेर विमानं हवाई दलाचीच आहेत. जुन्या सीएल-२१५ ला अजून पिस्टन इंजिनं आहेत, अठरा सिलिंडरची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आवाज खर्जातला, डोळे मिटूनही ओळखू येतो. ती पाण्याला पोट घासत जातात आणि दहा-बारा सेकंदांत पाच हजार लिटरच्या वर पाणी भरून उठतात. १/२०० ठेवा, विमानाबरोबर कॅमेरा फिरवा, पाण्याचे तुषार उजेडाच्या विरुद्ध बाजूने घ्या. मात्र कुठेतरी आग लागली आहे म्हणून ती आलीत. समोर पोहणारी माणसं असतील तर आधी त्यांना हाक मारून बाहेर बोलवा, त्या विमानाला वाट मोकळी लागते. कॅमेरा त्यानंतर उचला.