डाय भरडाले शिकवलं का?

"मॅडम, इतकं शिकवलं ते डाय भरडाले का?" खुर्चीच्या टोकावर बसत वडील म्हणाले.

दर्यापूर तालुक्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू, घरातला पहिला पदवीधर. मुलगा एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. त्याला गावात तुरीची डाळ करून विकायची होती. वडिलांचं म्हणणं, अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षा दे. असे बापलेक सल्ल्यासाठी माझ्याकडे वरचेवर येतात.

मुलाला विचारलं, "किलोमागे सुटतं किती?" तो गप्प. जिद्द होती, हिशेब नव्हता. वडिलांना विचारलं, "भीती धंद्याची की कर्जाची?"

"कर्जाची," ते लगेच म्हणाले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याची ही भीती मी कधी खोडून काढत नाही. ती भोगलेली असते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागाला २५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण बाकीचा मोठा भाग बँकेचं कर्जच.

म्हणून ठरवलं, यंत्र आत्ता घ्यायचं नाही. परीक्षेचा अर्जही भरायचा. एम.कॉम.ला ४ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) ऑन-जॉब ट्रेनिंग आहेच. कित्येक मुलं कुठून तरी सही-शिक्का आणून अहवाल जमा करतात आणि महाविद्यालयंही ते चालवून घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. खेड्यातल्या मुलाला काम हाताळून बघायची तेवढीच संधी असते. त्याच्या सरांशी बोलून त्याला तालुक्यातल्याच एका दालमिलवर पाठवलं. यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेलं, मिनी दालमिल. शेतकऱ्याच्या अंगणात मावेल असं यंत्र एक विद्यापीठ देऊ शकतं, तर त्यावर शिकायला दुसरं विद्यापीठ आपले विद्यार्थीही पाठवू शकतं.

ट्रेनिंग संपल्यावर दोघं परत आले. मुलाच्या वहीला तेलाचे डाग. ५० किलो तूर, ३५ किलो डाळ. भरडाई, वीज, पोती, गाडीभाडं वेगवेगळं मांडलेलं. ढगाळ हवेत तूर नीट वाळली नाही, त्या खेपेच्या डाळीला साल चिकटून राहिलं आणि भाव पडला, तेही लिहिलेलं. आता हा मुलगा कुठल्याही कंपनीत हिशेबाला बसला तरी अडणार नाही, हे मी वडिलांना सांगितलं.

त्यांनी पुडीतली डाळ तळहातावर घेतली, एका दाण्यावरून नख फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाकडे बघून म्हणाले,

"अन् चुनी किती निंगाली? आपल्या बैलाईले पुरते का?"