फॉर्मेटला हो म्हणण्याआधी डेस्कटॉप वाचवा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पासवर्ड घेतो, वॉलपेपर येतो, आयकॉनही दिसतात, माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलं की नुसतं गोल चक्र फिरत राहतं. राइट क्लिकला काही नाही, खालची पट्टी मेल्यासारखी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कधीतरी सगळं एकदम उघडतं. विंडोज १०, १ टीबीची हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम. मुलीचा प्रोजेक्ट आणि प्लॉटच्या कागदांचे स्कॅन डेस्कटॉपवर. आणि दुकानदार म्हणतो, ‘फॉर्मेट मारून देतो, डी ड्राइव्हला हात नाही लागत.’

या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो. डी ड्राइव्हला हात लागत नाही हे खरंच आहे. पण डेस्कटॉप डी मध्ये नसतोच. तो सी ड्राइव्हमधलं साधं फोल्डर आहे : सी, त्यात यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात डेस्कटॉप. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळं त्याच्या शेजारी, त्याच सी मध्ये. सी फॉर्मेट झाला की तेही गेलं. माझं असंच गेलं. इथे नागपुरात, बर्डीवरच्या एका दुकानात याच तक्रारीसाठी मी फॉर्मेटला मान डोलावली, डेस्कटॉपचं ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं, आणि नवीन विंडोज घेऊन घरी आलो. आठ दिवसांत कॉम्प्युटर पुन्हा तसाच अडकला, कारण दोष विंडोजमध्ये नव्हताच, केबलमध्ये होता. फायली मात्र परत आल्या नाहीत. जुन्या फायली जिथे होत्या त्याच जागेवर नवीन विंडोजचे वीस-पंचवीस जीबी लिहिले गेले, की रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे सापडणार काय? डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी, असेल तर आशा आणखी कमी. फॉर्मेट होताना विंडोज एसएसडीला ‘या जागा रिकाम्या’ असं कळवून टाकतं आणि एसएसडी त्या आतून पुसून घेते.

एवढं सांगून आता कामाचं. मी मशीन समोर ठेवून पाहिलेलं नाही, तुमच्या वर्णनावरून बोलतोय, हे धरून वाचा. चालू-बंद करून पाहणं, व्हायरस स्कॅन वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडून देतो. एक मात्र बहुतेकांना माहीत नसतं. विंडोज १० मध्ये ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच अडकलेला गाभा परत उठतो. खरं ताजं सुरू व्हायला ‘रीस्टार्ट’च लागतं.

आता अडकलेल्या स्क्रीनवर कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडोज एक्सप्लोरर, कशाची तरी वाट पाहत थांबला आहे. दिवा हलतच नसेल आणि बाणही गोठला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रॅम, पॉवर सप्लाय किंवा ग्राफिक्सचा संशय घ्यायचा. तुमचा बाण फिरतोय म्हणजे बहुधा पहिला प्रकार.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर डेस्कटॉपवर अवलंबून नसतो, म्हणून तो उघडतो. डिस्क मंद असेल तर दोन-तीन मिनिटं लागतील, सारखी बटणं दाबत बसू नका. यादीत विंडोज एक्सप्लोरर शोधा, त्यावर राइट क्लिक, रीस्टार्ट. स्क्रीन क्षणभर कोरी होऊन पट्टी परत आली आणि सगळं नीट चाललं, तर डिस्कला दोष देण्याचं कारण नाही. मग बघा की कोपऱ्यात जुना पेन ड्राइव्ह किंवा कार्ड रीडर खोचलेला आहे का, बंद पडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा शेअर ड्राइव्ह जोडलेला राहिला आहे का, डेस्कटॉपवरच लग्नाचे मोठमोठे व्हिडिओ पडलेत का. एक्सप्लोरर त्या प्रत्येकाला हाक मारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

एक्सप्लोरर रीस्टार्ट करूनही तेच, तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर जा आणि डिस्कवर क्लिक करा. इथे घाई करू नका. ‘ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के’ एवढंच बघून लोक डिस्क बदलायला धावतात. खरा अर्थ त्याखालच्या आकड्यांत आहे. १०० टक्के आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मिळून सेकंदाला ५०-८० एमबी असेल, तर डिस्क कामात आहे, अपडेट चाललं असेल, होऊ द्या. वेग दोन-चार एमबी असेल, प्रतिसादाचा सरासरी वेळ दोनशे-तीनशे मिलिसेकंद, तर ४ जीबी रॅम अपुरी पडून डिस्कची तारांबळ उडाली आहे. पण १०० टक्के असताना वेग शून्य किंवा काही केबी, आणि प्रतिसादाचा वेळ हजारांत, म्हणजे ३०००, ५००० मिलिसेकंद, तर डिस्क कामात नाही, ती उत्तरच देत नाहीये. तुमची ‘पंधरा मिनिटांनी एकदम उघडतं’ ही खूण मला तिकडेच बोट दाखवताना दिसते.

तसं दिसलं तर बाकी सगळं थांबवा आणि आधी फायली बाहेर काढा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची सोय, अजिबात चालवू नका, विशेषतः खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) शोधणारा ‘आर’ वाला पर्याय. यूट्यूबवर प्रत्येक जण तोच सांगतो. तो अख्ख्या ड्राइव्हचा एकेक सेक्टर वाचायला लावतो. आजारी डिस्कला तासन् तास असं पळवलं की मधल्याच कुठल्या टक्क्यावर ती कायमची झोपते. डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फायली डिस्कवर नीट लावणं, तेही नको.

डेस्कटॉप चालत नसताना फायली काढायच्या कशा? टास्क मॅनेजरच्या फाइल मेनूतून ‘रन न्यू टास्क’ घ्या, नोटपॅड टाइप करा, एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन. खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असतं, ते बदलून ‘ऑल फाइल्स’ करा. आता तीच छोटी खिडकी तुमचा एक्सप्लोरर. आपल्या नावाच्या फोल्डरमधून डेस्कटॉपवर जा, फाइल निवडा, राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. आधी प्लॉटचे स्कॅन आणि प्रोजेक्ट, फोटो नंतर, सिनेमे सोडूनच द्या. एका वेळी पाच-दहा फायली. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे चला, तिच्यावर हट्ट करून डिस्कचा उरलेला जीव खर्च करू नका.

विंडोज इथपर्यंतही येत नसेल तर कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. चालू करून विंडोजचं चिन्ह दिसलं की पुन्हा बंद. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. तिथेही नोटपॅड उघडतं आणि वरचीच युक्ती चालते. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात, तुमचा सी तिथे डी म्हणून दिसू शकतो. आणि कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, तरी हात लावू नका, पेन ड्राइव्हचा दिवा मिचकत असेल तर काम चालू आहे. (विंडोज ११ वाल्यांनी हे वाचलं तर : तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असू शकते, मग ४८ आकडी रिकव्हरी की मागतील. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सहसा साठवलेली असते, आजच बघून कागदावर लिहून ठेवा.)

फायली हातात आल्या की मग निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाका. ते वर निळ्यात ‘गुड’ म्हणालं तरी त्यावर विसंबू नका. चार ओळी बघा : ०५, सी५, सी६ आणि सी७. उजवीकडच्या रॉ व्हॅल्यूज, त्या आधी दशमान पद्धतीत करून घ्या, नाहीतर आकड्यांत ए-बी-सी मिसळलेलं दिसतं. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येऊन ताटकळत ठेवलेले, सी६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल आणि दर दोन दिवसांनी वाढत असेल तर ती डिस्क गेली, तिच्यावर फॉर्मेटचे पैसे घालणं म्हणजे फुटक्या माठाला रंग देणं.

आता सी७. याच ओळीने माझे डोळे उघडले, पण फॉर्मेटनंतर. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाताना किती वेळा माहिती बिघडली, त्याची ही मोजणी आहे. डिस्कची तबकडी ठणठणीत असते, वाट खराब असते. म्हणून ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य, वर निळं ‘गुड’, आणि सी७ मात्र शेकड्यांत, असं चित्र दिसतं. दुकानात कोणी तिथवर खाली बघतच नाही. उपाय म्हणजे चपटी साटा केबल बदलणं, शंभर-दीडशे रुपयांचं काम. दोन्ही टोकांना इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच असते, उलटी बसत नाही. कुलूप लागणारी, म्हणजे पत्र्याची क्लिप असलेली घ्या. मदरबोर्डवरचं पोर्टही बदलून बघा. मुख्य वायर काढून, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, मगच आत हात घाला. केबल बदलल्यावर सी७ चा जुना आकडा कमी होत नसतो, त्याने घाबरू नका. तो पुढे वाढतो का, एवढंच बघायचं. जाता जाता, सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात, ते त्यांचं नेहमीचं आहे.

केबलचा संपर्क खराब का होतो, हे नागपूरकरांनी नीट समजून घ्यावं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि आपण कूलरचा झोत सरळ टेबलाकडे धरतो. त्या हवेत ओल असते, आणि टाकीत बोअरचं पाणी असेल तर तुषारांबरोबर क्षारही उडतात. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच हळूहळू कॅबिनेटच्या आत, रॅमच्या सोनेरी पट्टीवर आणि केबलच्या टोकावर बसतो. त्यावर धूळ, की झाला लेप. कॅबिनेट झोताच्या रेषेतून बाजूला घ्या, जमिनीवरून वीतभर उचला, उन्हाळ्याआधी एकदा कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यांना बोट लावून धरा, पंखा भिरभिरू देऊ नका. रॅमची पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसा, पाण्याने किंवा थिनरने नव्हे. आणि कूलर व कॉम्प्युटर एका एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नको. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज दचकतं आणि तो झटका डिस्कपर्यंत जातो. हे माझं ठाम मत आहे, इलेक्ट्रिशियन मंडळींनी तपशील दुरुस्त करावा.

दुकानांबद्दल थोडं कडू बोलतो. सगळे तसे नाहीत, बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत जाणकार कारागीरही आहेत. पण ज्या दुकानात प्रत्येक दुखण्याला फॉर्मेट हेच औषध आहे, तिथे मशीन ठेवू नये. अर्ध्या तासात काम होतं, पैसे मिळतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा बिघडलं की ‘तुमची हार्ड डिस्कच गेली’ म्हणायला मोकळे. ज्याचं तीन वर्षांचं काम पुसलं गेलं, त्याने कुठे जायचं? देण्याआधी तिथल्या तिथे विचारा की डिस्कचे आकडे दाखवता का. दाखवले नाहीत तर मशीन परत उचला. फॉर्मेट करावंच लागलं तर आपली जुनी डिस्क काढून घरी ठेवा आणि नव्या एसएसडीवर विंडोज टाकायला सांगा. मूळ विंडोज खरं असेल तर त्याच मदरबोर्डवर ते इंटरनेट लागताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका आणि क्रॅक, म्हणजे चोरून ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्रॅम, तर मुळीच घेऊ नका. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात, तिथेच समजून जा.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून नवीन एसएसडी घालायची वेळ आलीच तर मशीन विंडोज ११ घेतं का ते आधी तपासा. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर सहसा रीतसर घेत नाही. रॅम मात्र ४ ची ८ कराच.

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी बूस्टर यातलं काहीही टाकू नका.

आज एवढंच करा : नोटपॅडच्या खिडकीतून प्लॉटचे स्कॅन आणि प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्या, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मग ०५, सी५, सी६, सी७ चे चार आकडे इथे टाका. कूलर कुठे ठेवलाय तेही लिहा. आकडे बघून केबल की डिस्क ते सांगतो.