पुसट अक्षरे, झिजलेले दगड आणि फोटोंचे फिल्टर

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडी लिपीतील तीस-चाळीस कागद सापडले. कागद पिवळे पडले असून काहींवर पाण्याचे तपकिरी डाग आहेत. मोबाईलने फोटो काढून मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना पाठवले, तेव्हा अक्षर लागत नसल्याचे त्यांनी कळवले. ॲपमधील आपोआप स्पष्टता वाढवणारे बटण दाबले, तर कागद पांढराशुभ्र झाला, पण बारीक रेघा नाहीशा झाल्या. कोणता फिल्टर वापरावा? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रेघा नाहीशा झाल्याचे तुमच्या लक्षात आले, हे फार चांगले झाले, कारण कागद स्वच्छ दिसू लागला की मजकूरही पूर्ण आला असे अनेकजण समजून चालतात. नेहमीच्या फोटोत प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकडा 0 ते 255 यांच्या दरम्यान असतो. जुन्या कागदाच्या फोटोत शाई आणि कागद यांचे बहुतेक आकडे मधल्या अरुंद पट्ट्यात, समजा 90 ते 160 या हद्दीत, दाटीने बसलेले असतात. कॉन्ट्रास्ट वाढवणे म्हणजे हा पट्टा दोन्ही बाजूंना ताणणे. आपोआप चालणारे बटण कागद पांढरा करण्यासाठी एका मर्यादेवरचे सगळे आकडे थेट 255 करून टाकते, आणि कागदाच्या रंगाजवळ आलेली फिकट रेघ त्यातच बुडते. म्हणून हे काम हाताने करावे. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. त्यातील लेव्हल्स या सोयीत हिस्टोग्रॅमचा, म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती बिंदू आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचा, उंचवटा दिसतो. दोन्ही टोकांचे त्रिकोण त्या उंचवट्याच्या कडेपर्यंत आणावेत, त्याच्या आत नेऊ नयेत.

डागांसाठी मात्र त्याआधीची एक पायरी अधिक उपयोगी आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. मोडी कागदांवरची जुनी काळी शाई बहुधा काजळाची, म्हणजे कार्बनची असते आणि ती सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच शोषते. पिवळा पडलेला कागद आणि पाण्याचा तपकिरी डाग हे मुख्यतः निळा प्रकाश शोषतात आणि लाल प्रकाश बराचसा परत पाठवतात. त्यामुळे फोटोचे तीन रंग वेगळे करून फक्त लाल रंगाची कृष्णधवल प्रतिमा पाहिली, तर डाग पुष्कळ फिका पडतो आणि अक्षर काळेच राहते. शाईच तपकिरी झाली असेल, म्हणजे ती लोहयुक्त असण्याचा संभव असेल, तर उलट करावे : निळ्या रंगाच्या प्रतिमेत अशी शाई सर्वांत गडद दिसते, परंतु तिथे डागही गडद होतात, हे गृहीत धरावे.

कागदाची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी आली असेल, तर संपूर्ण फोटोला एकच ताण देऊन भागत नाही. अशा वेळी क्लाहे नावाचा फिल्टर वापरतात. तो फोटोच्या लहान लहान भागांचा हिस्टोग्रॅम स्वतंत्रपणे पसरवतो आणि त्या पसरवण्यावर एक कमाल मर्यादा ठेवतो. फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो. तिथे भागाचा आकार 127 बिंदू आणि कमाल उतार, म्हणजे ती कमाल मर्यादा, 3 असे आकडे आधीच भरलेले असतात. उतार 1 ठेवला तर फोटो आहे तसाच राहतो, म्हणून 2 पासून सुरुवात करावी आणि एका भागात निदान एक पूर्ण ओळ मावेल एवढा आकार ठेवावा. भाग फार लहान घेतल्यास कागदाचे तंतूसुद्धा अक्षरांइतके ठळक होतात.

शेवटी कडा धारदार करणारा फिल्टर, अनशार्प मास्क. नाव चमत्कारिक वाटले, तरी ते फिल्मच्या काळातील डार्करूममधून आले आहे : निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून छापले की कडा धारदार येत असत. संगणकही तेच करतो, म्हणजे अस्पष्ट प्रत आणि मूळ यांतील फरक मुळात मिळवतो. प्रमाण जास्त झाले की काळ्या रेघेभोवती पांढरी किनार उमटते. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, अक्षरे एकमेकांना चिकटतात, गाठी आणि वळणे बारीक असतात. तिथे ही किनार शेजारच्या फिकट रेघेला खाऊन टाकते. म्हणून त्रिज्या, म्हणजे प्रत किती अस्पष्ट करायची ते ठरवणारा आकडा, रेघेच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. फिल्टर कॅमेऱ्याने टिपलेल्या फरकालाच मोठे करतो, आणि तो फरक शाईचा आहे, घडीचा आहे की फोटो दाबून लहान केल्यामुळे आलेला आहे, हे त्याला कळत नाही. जेपेग फोटो 8 गुणिले 8 बिंदूंच्या चौकोनांत दाबला जातो. कॉन्ट्रास्ट वाढवला की त्या चौकोनांच्या आडव्या कडा उठून येतात आणि शिरोरेषेच्या तुकड्यांसारख्या दिसू शकतात. संदेशाच्या ॲपवरून फोटो म्हणून पाठवल्यास तो आणखी दाबला जातो. तेव्हा शक्य असेल तर कागद 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 बिंदू घेऊन, स्कॅन करावा, टिफ या सहसा तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावा आणि पाठवताना फाइल म्हणून पाठवावा. कागद ठिसूळ झाला असेल तर स्कॅनरवर दाबू नये. वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन फोटो काढावा. मूळ फोटोवर कधीही काम करू नये आणि प्रतीच्या नावात कोणता फिल्टर किती वापरला ते लिहावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो सुधारून देणारी ॲप्स या कामासाठी मुळीच वापरू नयेत, कारण ती नसलेला तपशील अंदाजाने भरतात. तुमच्या कागदांत जमिनीचा, देण्याघेण्याचा किंवा वतनाचा मजकूर असू शकतो. तिथे एका रेघेने आकडा बदलतो, नाव बदलते, साल बदलते. जे अक्षर एकाच फिल्टरमध्ये दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, ते मूळ कागदावर भिंगाने पडताळावे, आणि तरीही शंका राहिली तर वाचनात चौकटी कंसात द्यावे.

प्रश्न : गावाच्या मंदिराबाहेर कोरीव लेख असलेला दगड आहे. अक्षरे झिजली आहेत. पीठ किंवा खडू भरून फोटो काढल्यास फिल्टरचा परिणाम चांगला येईल का? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : कृपा करून असे करू नका. पीठ, खडू, चुना, तेल यांनी दगडाला इजा होते आणि शिवाय तुम्ही जिथे रेघ आहे असे समजता तिथेच ती भरली जाते, म्हणजे वाचन आधीच ठरून जाते. कोरीव अक्षराला वेगळा रंग नसतो, फक्त खोली असते. त्यामुळे त्याचा कॉन्ट्रास्ट सावलीतून येतो. भर दुपारच्या फोटोत सावलीच नसेल तर कोणताही फिल्टर ती आणू शकत नाही. काळोख पडल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा आणि टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, दहा-पंधरा अंशांच्या तिरप्या कोनात धरा. एका दिशेने भागत नाही, कारण प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघेची सावली पडत नाही. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आणि चारही कोपऱ्यांतून असे आठ फोटो घ्या, मग त्यांना वर सांगितलेला क्लाहे लावा. अशा अनेक दिशांच्या फोटोंचा एकत्र हिशेब करून पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवता येणारी पद्धत टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडली आणि आज ती शिलालेखांसाठीही वापरली जाते. दगड संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी.

प्रश्न : भीमबेटका येथील लाल रंगातील चित्रांचे फोटो काढले, काही आकृत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसत होत्या. त्या उठावदार करता येतील का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : येतील. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी 1957 मध्ये उजेडात आणलेल्या मध्य प्रदेशातील या शैलाश्रयांतील, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक निवाऱ्यांतील, पुष्कळ चित्रे गेरूसारख्या लाल रंगातील आहेत, आणि लालसर वालुकाश्मावर फिका लाल रंग साध्या कॉन्ट्रास्टने वेगळा होत नाही, कारण दोन्हींचा उजळपणा सारखाच असतो. जॉन हार्मन यांचे डीस्ट्रेच हे इमेजजे या प्रतिमांवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसोबत चालणारे साधन रंगछटांतील सूक्ष्म फरक ताणते. उपग्रहांच्या आणि विमानांतून घेतलेल्या प्रतिमांसाठी वापरली जाणारी रीत त्यात आहे. लाल रंगासाठी त्यातील एलआरई किंवा वायआरई हा पर्याय घ्यावा, काळ्यासाठी वायबीके. मिळणारे रंग खोटे, भडक असतात, आणि दगडावरचे लोखंडाचे नैसर्गिक डागही चित्राइतकेच लाल होऊन उठतात. म्हणून असा फोटो कुठे छापायचा झाल्यास मूळ फोटो त्याच आकारात शेजारी द्यावा आणि वापरलेला पर्याय चित्रओळीत लिहावा.