शिकवण्यावर बोलते कसे करावे?

प्रश्न : आमचे भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी बी.एस्सी.चे तास घेतात. शिकवण्यावर चर्चेला बसवले की सगळे गप्प. काय करावे?
– एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : मोघम विषय आणि समोर संशोधनाचे गाईड, असे असल्यावर कोण बोलेल? सुरुवातीला गाईडना बोलावूच नका. पाच-सहा जण, पाऊण तास, आणि पुढ्यात नाव झाकलेली एक चुकीची उत्तरपत्रिका ठेवा. उदाहरणार्थ, ‘वर फेकलेल्या चेंडूचे त्वरण सर्वोच्च बिंदूवर शून्य असते’. वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य, असा हा घोळ आहे. पण तो प्रत्येकाला स्वतः शोधू द्या. आधी तीन मिनिटे लिहायचे, मग जोडीत बोलायचे, मग सगळ्यांसमोर. लिहिलेले हाती असले की बुजरेही बोलतात.

प्रश्न विचारून लगेच स्वतः उत्तर देऊ नका. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत; तीन सेकंद थांबल्यावर विद्यार्थी जास्त मोठी उत्तरे देऊ लागले. मराठीत बोलू द्या, इंग्रजीची सक्ती इथे घातकच.

गाडी ‘पोरांचा पायाच कच्चा’वर घसरेल. तेव्हा विचारा, ‘पुढच्या तासाला तुम्ही काय बदलाल?’ बैठक दुपारीच घ्या. संध्याकाळी गावाकडच्यांचे लक्ष एसटीकडे असते.